वाशीचे बेरिलियम आणि शर्यतीची गाडी

१/ मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा चालकांच्या नावांनी सांगितला जातो. फार तर गाडीच्या रचनाकारांच्या. गाडी कशाची बनवावी, हा प्रश्न सोडवणारे मात्र त्यात क्वचितच दिसतात. मटेरियल सायन्सच्या पदवीधराचे या क्षेत्रात काम काय, याचे उत्तर एका धातूच्या कथेत सापडते. त्या कथेचे एक टोक नवी मुंबईत आहे.

२/ भाभा अणुसंशोधन केंद्राचे वाशी संकुल रोज तुर्भ्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांना ठाऊकही नसते. तेथे बेरिल या खनिजापासून बेरिलियम हा धातू तयार करण्याचे तंत्र विकसित झाले. अणुऊर्जा आणि अंतराळ या दोन्ही कार्यक्रमांना हा धातू लागतो, आणि तो विकायला फार थोडे देश तयार असतात.

३/ त्याचे वैशिष्ट्य आकड्यांत पाहावे. पोलाद, ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम हे दिसायला किती वेगळे! पण ताठपणाच्या गुणांकाला घनतेने भागले, तर तिघांचेही उत्तर साधारण २५ ते २६ येते. बेरिलियमचे १५० च्या पुढे जाते. ॲल्युमिनियमहून हलका आणि पोलादाहून ताठ असा हा धातू आहे.

४/ उपग्रहाला जे हवे, तेच पिस्टनलाही हवे असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस फॉर्म्युला वनची इंजिने मिनिटाला सोळा-सतरा हजार फेरे घेत. म्हणजे पिस्टन एका सेकंदात पाचशेहून अधिक वेळा थांबून उलट दिशेने धावे. तो जितका हलका, तितका इंजिनावरचा ताण कमी.

५/ इल्मोर कंपनीने मर्सिडीजच्या नावाने धावणाऱ्या इंजिनांत ॲल्युमिनियम-बेरिलियमचे पिस्टन वापरले. त्याच काळात, १९९८ आणि १९९९ साली, मॅक्लारेनच्या मिका हॅकिनेनने लागोपाठ दोन विश्वविजेतेपदे पटकावली. श्रेय अर्थातच एकट्या धातूचे नव्हते. पण प्रतिस्पर्ध्यांचे लक्ष त्याकडे गेलेच.

६/ या धातूची दुसरी बाजू काळी आहे. घन तुकडा हाताळण्यात विशेष धोका नसतो. तो कातताना वा घासताना उडणारी सूक्ष्म धूळ श्वासावाटे आत गेली, तर काही जणांना फुप्फुसाचा असाध्य विकार जडतो, तोही कित्येकदा वर्षानुवर्षांनी. म्हणजे जोखीम चालकाची नव्हे, कार्यशाळेतील कारागिराची.

७/ फेरारीने या धातूला विरोध केला. खर्च आणि आरोग्य अशी दोन्ही कारणे पुढे आली. त्यामागे स्पर्धेचा हिशेबही होता, असे म्हणणाऱ्यांना खोटे ठरवता येत नाही. अखेर २००१ पासून नियम आला: धातूचे ते गुणोत्तर ४० च्या वर नसावे. मर्यादेच्या त्या वाक्यात बेरिलियमचे नावही नाही. बंदी घातली ती एका आकड्याने.

८/ या नियमाने प्रतिभेचे पंख छाटले, अशी तक्रार आजही ऐकू येते. ती योग्य नाही. १९६८ मध्ये रूआँ येथे होंडाच्या मॅग्नेशियमबहुल गाडीने पेट घेतला आणि जो श्लेसर जळून मरण पावला. हलकेपणाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न शर्यतीपूर्वी विचारायचा असतो.

९/ याउलट १९८१ मध्ये जॉन बर्नार्डने मॅक्लारेनसाठी कार्बन फायबरचा सांगाडा आणला. तो अमेरिकेतील हर्क्युलिस कंपनीने घडवला. धडकेत त्याचा चुरा होईल, अशी शंका घेतली गेली. त्याच वर्षी मोन्झाला जॉन वॉटसनच्या गाडीचे दोन तुकडे झाले आणि वॉटसन चालत बाहेर आला. शंकेला उत्तर मिळाले.

१०/ या पदवीधराचे रोजचे काम मात्र झगमगाटाचे नसते. नमुने ताणून तोडणे, कार्बनचे थर भट्टीत नीट पक्के झाले का ते तपासणे, तुटलेल्या भागाची भेग सूक्ष्मदर्शकाखाली वाचणे, एखादा भाग किती किलोमीटरनंतर बदलायचा ते ठरवणे. कार्बन-कार्बन संमिश्रांवर १९९३ मध्ये ग्रंथ लिहिणारा गॅरी सॅव्हेज हा मॅक्लारेन आणि पुढे होंडाच्या संघात होता, तो याच विद्येच्या बळावर.

११/ ऐरोली वा नेरूळच्या घरात मुलगी शर्यतीच्या अभियांत्रिकीचे नाव काढते, तेव्हा चर्चा दोनच गोष्टींपाशी थांबते: मेकॅनिकलची पदवी आणि इंग्लंडातील पदव्युत्तर शिक्षणासाठीचे कर्ज. दोन्ही मार्ग चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत. पवईच्या आयआयटीत धातुकर्म आणि मटेरियल सायन्सचा स्वतंत्र विभाग आहे; पुण्याच्या सीओईपीत धातुशास्त्र शिकवले जाते; कोल्हापुरात ओतकामाची मोठी परंपरा आहे. तुटलेला धातू वाचण्याची विद्या तेथेही तीच आणि सिल्व्हरस्टोनलाही तीच.

१२/ शर्यतीतील नोकऱ्या मूठभर आहेत, हे त्या घराने कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी जाणून घ्यावे. पण ही विद्या शर्यतीपुरती नाही. विमानाचा पंख, रेल्वेचा आस, सांध्यात बसवलेले रोपण, सगळीकडे प्रश्न एकच: हे कधी तुटेल आणि तुटले तर इजा कोणाला होईल? ज्याला हा प्रश्न विचारता येतो, त्याची पदवी शर्यतीचे दार उघडले नाही तरी वाया जात नाही. बेरिलियमच्या कथेतून घ्यायचा बोध हाच.