कोनशिलेवरचा शब्द अन् पायाखालची जमीन

आपल्या शहादा-चोपड्याकडच्या काही गुजर पोरांच्या स्टेटसवर परत सम्राट मिहिर भोज आलेत. फोटो ठेवा, काही म्हणणं नाही. पण खाली राजपुतांना शिव्या कशाला?

पोरांनो, जरा दादरीचं बघा. दिल्लीजवळ, गौतमबुद्धनगर जिल्हा. हा भाटी गुर्जरांचा मुलूख. १८५७ ला इथल्या राव उमराव सिंह भाटींनी इंग्रजांवर हत्यार उचललं अन् जीव दिला. आता गंमत ऐका. भाटी हे कूळ गुर्जरांत आहे तसं राजपुतांतही आहे, जैसलमेरचं राजघराणं भाटीच. म्हणजे एकमेकांच्या अंगावर धावणाऱ्यांचं आडनावसुद्धा एकच!

सप्टेंबर २०२१ मध्ये दादरीच्या कॉलेजात योगी आदित्यनाथांनी मिहिर भोजच्या पुतळ्याचं अनावरण केलं. कोनशिलेवरच्या 'गुर्जर' शब्दाला काळं फासलं गेलं. मग पंचायती, घोषणा, सगळं आलं. विधानसभा चार-पाच महिन्यांवर होती, हे वेगळं सांगायला नको.

राजा नवव्या शतकातला. त्याचा ग्वाल्हेरचा शिलालेख घराण्याला प्रतिहार म्हणतो. राजोरच्या दहाव्या शतकातल्या लेखात 'गुर्जर-प्रतिहार' येतं. त्यातलं गुर्जर हे लोकांचं नाव की मुलखाचं, यावर इतिहासकार अजून भांडतात. त्यांना भांडू द्या, त्यांना पगारच त्याचा आहे.

पण याच पट्ट्यातल्या गावांची जमीन १९९१ नंतर ग्रेटर नोएडासाठी गेली, त्याचं काय? शेतावर टॉवर उभे राहिले. शेतकरी कोर्टात गेले. ऑक्टोबर २०११ ला अलाहाबाद हायकोर्टाने ६४.७ टक्के वाढीव मोबदला अन् १० टक्के विकसित भूखंड द्यायला सांगितलं. २०२३ उजाडलं तरी शेतकरी त्याच १० टक्क्यांसाठी प्राधिकरणाच्या दारात बसलेले. आयाबायासुद्धा होत्या त्यात.

त्या धरण्याचा एक तरी फोटो तुमच्या स्टेटसला आला का? नाही आला. आमच्या धंद्याचंही तेच आहे म्हणा, पुतळ्याला पहिलं पान, भूसंपादनाला आतला कोपरा.

पुतळ्याच्या हाराला पुढे पुढे करणारे नेते दोन्हीकडचे आहेत. त्यातला एक जरी तुमच्या ओळखीचा निघाला, तर फोन लावा अन् विचारा, दादरीच्या भूखंडांचं काय झालं? काय उत्तर मिळतं ते इथं कमेंटमध्ये टाका. नाव तुम्ही टाकलं नाही तरी चालेल, मी टाकतो.