वाद्य साधे, हात पक्का

"ज्याला वाजवता येते, तो कशावरही वाजवतो." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. वाद्याच्या जागी बॅट, बूट, सायकल किंवा रायफल घातली तरी वाक्य तेच राहते. माझ्या मते हे वाक्य खरे आहे. मात्र ते प्रत्येकाच्या तोंडी शोभत नाही, असेही माझे मत आहे. या दोन्ही गोष्टी मला बेस गिटार वाजवणाऱ्यांकडे पाहून पटल्या, म्हणून उदाहरण त्यांचेच घेतो.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, लांब मानेची गिटार. वाद्यवृंदात तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत कान ताशाकडे जातो, पण पाऊल पडते ते ढोलावर. तसेच हे काम. आपल्या शाळेच्या बँडमध्ये बेस ड्रम हेच करतो. तेज चालीत मिनिटाला 120 पावले पडायची असतात. बिगुल चुकला तर एका कॅडेटची फजिती होते. बेस ड्रम चुकला तर सगळ्या तुकडीचे पाऊल चुकते. चित्रपटातले उदाहरण हवे असेल तर 'सदमा' (1983) या चित्रपटातली इलैयाराजांची गाणी एकदा शब्दांकडे दुर्लक्ष करून ऐका. इलैयाराजा वादकांना त्यांचे स्वर स्वतःच्या हाताने लिहून देतात. त्यांच्या गाण्यांत बेस नुसता मागे गुणगुणत राहत नाही, खालून दुसरी चाल गात असतो.

नोकरीनिमित्त मी चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला राहतो. इथे कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते. खाडीच्या काठाने कोळ्यांच्या वस्त्या आहेत. त्यांना इथे कुप्पम म्हणतात. त्यांच्या डोक्यावरच औष्णिक वीज केंद्रांची धुराडी आणि कोळसा उतरवणारे बंदर. हवेत मीठ आणि राख दोन्ही असतात. घराच्या खिडकीचे गज इथे भराभर गंजतात, तिथे गिटारच्या तारेची काय कथा!

देवळाच्या उत्सवात आणि लग्नात इथे गाण्याच्या पार्ट्या येतात, आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रासारख्या. अशाच एका पार्टीत बेस वाजवणारा एक तरुण माझ्या ओळखीचा आहे. दिवसा तो कंत्राटावर फिटरचे काम करतो. त्याची गिटार देशी बनावटीची, दोन हात फिरून आलेली. एक खुंटी दुसऱ्याच गिटारची आहे. स्पीकरचा खोका सुताराकडून करून घेतलेला, आतले सामान रिची स्ट्रीटवरून आणलेले. रिची स्ट्रीट म्हणजे चेन्नईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. नव्या तारांचा संच त्याच्या एका कार्यक्रमाच्या बिदागीपेक्षा महाग पडतो, म्हणून तो जुन्याच तारा काढून पाण्यात उकळतो. वेटोळ्यांत अडकलेला घाम आणि मळ निघून जातो व काही दिवस आवाज पुन्हा मोकळा होतो. प्रत्येक कार्यक्रमानंतर तो तारा कोरड्या फडक्याने पुसतो. सॉकेटची तार सुटली तर डाखही स्वतःच देतो.

त्याची पार्टी सुरू झाली की मंडपातल्या म्हाताऱ्या माणसांचेही पाय हलू लागतात. एकदा मी त्याला अर्ध्या तमिळ, अर्ध्या हिंदीत विचारले, "तंबी, नवीन का घेत नाहीस?" तो म्हणाला, "घेणार आहे सार. पैसे साठवतोय. तोवर ही चालेल. ही कुठल्या पडद्यावर खोटं बोलते ते मला ठाऊक आहे. तिथे मी जातच नाही. तोच सूर शेजारच्या तारेवर घेतो."

हे उत्तर मला फार मोलाचे वाटते. त्याने आपले वाद्य चांगले आहे असे म्हटले नाही. त्यात काय बिघाड आहे हे त्याला नेमके माहीत होते, त्यावरचा उपाय त्याच्या बोटांत होता, आणि नव्या वाद्यासाठी तो पैसेही बाजूला टाकत होता.

बेसच्या बाबतीत हात इतका महत्त्वाचा का, याला शास्त्रीय कारणही आहे. बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे 41 कंपने होतात. इतका खालचा सूर लहान स्पीकरला नीट काढताच येत नाही. आपला कान त्या सुराचे वरचे अंश ऐकतो आणि खालचा सूर मनानेच पुरा करतो. अशा वेळी श्रोत्याला खरे काय कळते? सूर कधी सुरू झाला, किती वेळ टिकला आणि कधी थांबला. शेवटची गोष्ट शिकायला सर्वांत अवघड. वाजलेली तार योग्य क्षणी बोटाने दाबून गप्प करणे हे बेसवादकाचे निम्मे काम आहे, आणि ते कितीही महाग गिटार घेतली तरी तिच्याबरोबर मिळत नाही.

जगातल्या मोठ्या वादकांकडे पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी होती. तिच्या 1960च्या दशकातल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांवर जेम्स जेमर्सन यांचा बेस आहे. त्यांची मुख्य गिटार 1962 सालची, दुकानात कोणालाही मिळेल अशी फेंडर प्रिसिजन. तुटल्याशिवाय ते तार बदलत नसत. घोडीच्या झाकणाखाली फोमचा तुकडा दाबलेला असे, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने ते सगळे वाजवत. अनेक वर्षे त्या रेकॉर्डवर त्यांचे नावसुद्धा छापले जात नव्हते.

बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हॅम्बुर्गला व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर बेस गिटार घेतली, ती सुमारे 30 पौंडांना. फेंडर गिटार 100 पौंडांच्या आसपास होती आणि तेवढे पैसे त्यांच्याजवळ नव्हते. पुढे पैसा आल्यावरही त्यांनी हॉफनर सोडली नाही. 1972 मध्ये चोरीला गेलेली ती पहिली गिटार अर्ध्या शतकानंतर सापडली आणि 2024 मध्ये ती त्यांच्याकडे परत आल्याची बातमी जगभर झाली. जॅको पास्टोरियस यांच्या गिटारचे तर पडदेच काढून टाकलेले होते. खाचा भरून तिच्या मानेवर बोटींना लावतात तसल्या इपॉक्सीचे थर दिलेले होते. त्या गिटारचा गाता आवाज पुढे कित्येकांनी नकलून पाहिला.

चेन्नईचेच उदाहरण द्यायचे तर विक्कू विनायकराम यांचे घटम. जॉन मॅकलाफलिन यांच्या 'शक्ती' या गटात 1970च्या दशकात बेस गिटारवादक नव्हता. खालचा घुमारा येई तो तबल्याच्या डग्ग्यातून आणि विनायकराम यांच्या मातीच्या घड्यातून. घड्याचे तोंड पोटाशी दाबून किंवा दूर धरून ते तो आवाज काढत. मडके तबल्यासारखे हातोडीने ठोकून सुरात आणता येत नाही. म्हणून योग्य सुराचे मडके निवडणे ही घटमवादकाची पहिली परीक्षा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांची साधने साधी किंवा स्वस्त होती, पण दुर्लक्षित नव्हती. कॅडेट मित्रांनो, साधे साधन आणि बिघडलेले साधन यांत फरक करायला शिका. गिटार हाती आली की बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून छेडा, मग त्याच पडद्यावर तार दाबून छेडा. दोन्ही सूर जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर घोडीचा स्क्रू फिरवून बहुतेक वेळा ते जुळवता येतात, आणि त्याला खर्च येतो एका पेचकसाचा. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर बोटे दुखतात आणि मूल चार दिवसांत वाद्य सोडून देते; आपण म्हणतो, त्याला आवडच नव्हती. तिथे आवड नसते असे नाही, कोणीतरी पंधरा मिनिटे बसून वाद्य नीट लावून दिलेले नसते.

काही बिघाड मात्र कोणत्याही कौशल्याने भरून निघत नाहीत. अर्थिंग नसलेला ॲम्प्लिफायर हा त्यांतला एक. बेसवादकाचे बोट सतत धातूच्या तारेवर असते. ओल्या मंडपात, अर्थिंगशिवाय जोडलेल्या यंत्रावर हा जिवाशी खेळ आहे. स्कॉटिश गिटारवादक लेस्ली हार्वे 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. तो उत्तम वादक होता, पण त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. एन्नोरचा आमचा तरुणही फिटर असल्यामुळे हे जाणून आहे. तो तारा उकळून वापरतो, पण तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग पाहिल्याशिवाय गिटार जोडत नाही. एकदा आयोजक म्हणाले, "वेळ झालाय, चालू करा, काही होत नाही." तो अर्थिंगची वायर येईपर्यंत खुर्चीवर बसून राहिला. कुठे काटकसर करायची आणि कुठे नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

आता मूळ मुद्दा. "ज्याला येते तो कशावरही करतो" हे वाक्य कोणी म्हणायचे? ज्याच्या हातात ते साधन आहे, त्याने स्वतःशी म्हणायचे. ज्याच्याकडे साधन देण्याचे काम आहे, त्याने ते म्हणू नये.

तुम्हा सर्वांना रेझांग ला माहीत आहे. 18 नोव्हेंबर 1962. सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर 13 कुमाऊँची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंह आणि त्यांचे सुमारे 120 जवान. हातात प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणाऱ्या .303 रायफली, अंगावर त्या थंडीला अपुरे कपडे. ते मागे हटले नाहीत. त्यांतले बहुतेक तिथेच कामी आले. त्या जवानांपैकी कोणी "रायफल जुनी आहे" म्हणून मोर्चा सोडला नाही, ही त्यांची थोरवी. पण म्हणून देशाने "बघा, जुन्या रायफलीवरही लढता येते" असे म्हणून स्वस्थ बसायचे होते काय? युद्धानंतर सैन्याला नवी रायफल मिळाली, डोंगरात लढणाऱ्या नव्या डिव्हिजन उभ्या राहिल्या, आणि ते योग्यच झाले. जवानाच्या शौर्याचे कौतुक हे त्याला बूट न देण्याचे कारण होऊ शकत नाही.

वाद्याची आणि रणांगणाची बरोबरी होत नाही, हे मला कळते. गिटार बेसूर लागली म्हणून कोणी मरत नाही. पण सवय लहान गोष्टींतच लागते. आजचा कॅडेट उद्या अधिकारी होईल आणि त्याच्या सहीने जवानांना सामान मिळेल. शाळेत असताना "कसंही चालतं" हे त्याने साहित्य देणाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल, तर उद्या तोही तेच म्हणेल.

म्हणून तिघांना तीन गोष्टी सांगतो. कॅडेट मित्रांनो, बँडच्या खोलीत तुमच्या वाट्याला आलेले वाद्य जुने असले तर आधी ते पुसा, त्याचा दोष शोधा, स्वतःला दुरुस्त करता येईल तेवढा करा, आणि उरलेला दोष कागदावर लिहून शिक्षकांना द्या. "वाद्य खराब आहे" असे मोघम लिहू नका. "तिसऱ्या झडपेची स्प्रिंग सैल आहे" असे लिहा. अशी नोंद तक्रार म्हणून पाहिली जात नाही, तो अहवाल असतो, आणि अहवाल लिहिणे हाही तुमच्या प्रशिक्षणाचा भाग आहे.

प्रशिक्षक महोदय, असा कागद आला तर त्या मुलाला "आमच्या वेळी तर..." असे कृपया ऐकवू नका. ज्या मुलाने दोष नेमका ओळखला, त्याने ते वाद्य किती बारकाईने हाताळले आहे ते पाहा. सगळे नवे घेता येणार नाही, हे त्यालाही समजते. एक स्प्रिंग मात्र घेता येते.

आणि पालकहो, मीही तुमच्यातलाच. मुलगा फोनवर महागडी वस्तू मागतो तेव्हा लगेच हो म्हणू नये आणि लगेच नाहीही म्हणू नये. हातातल्या वस्तूत काय कमी पडते, एवढे त्याला विचारावे. "मित्राकडे आहे" हे उत्तर आले तर थांबावे. "या बुटाची टाच आतून सोलते आणि पाच किलोमीटरनंतर पाय फुटतो" हे उत्तर आले तर त्याच आठवड्यात बूट घ्यावेत. माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये बेस ड्रम वाजवतो. गेल्या महिन्यात त्याने काठीचे डोके झिजल्याचे कळवले, सोबत मापही लिहिले होते. नवे डोके मी पाठवून दिले.