सशाचे कान, पण हात लावू नका!

रोपवाटिकेत गेलं की हल्ली मोगरा-शेवंतीच्या रांगेपुढेच चिमुकल्या कुंड्यांतले निवडुंग मांडलेले दिसतात. त्यातला एक हमखास नजरेत भरतो. हिरव्यागार, चपट्या, लंबगोल गाद्या. एकीच्या डोक्यावर दोन, जणू सशाचे कानच! अंगभर पिवळ्या किंवा पांढऱ्या मखमलीचे ठिपके, आणि लांब काटा एकही नाही. मग काय, कौतुकानं बोट फिरवलं जातं, आणि घरी येईपर्यंत तेच बोट चोळत बसावं लागतं.

हा आपल्या कुंपणावरच्या फड्या निवडुंगाचाच भाऊबंद. शास्त्रीय नाव ओपन्शिया मायक्रोडेसिस, मूळ गाव मेक्सिको. त्या मखमली ठिपक्यांत केसाहून बारीक असे शेकडो काटे असतात आणि त्यांना उलटे दाते असतात. नुसता स्पर्श झाला की ते सुटून कातडीत शिरतात, दिसत मात्र नाहीत. म्हणून मैत्रिणींनो, पहिली गोष्ट स्पष्टच सांगते. घरात रांगतं किंवा नुकतं चालू लागलेलं मूल असेल, तर हे झाड सध्या आणू नका. उंच फळीवर ठेवलं तरी कुंडी हलवताना काटे खाली पडतात, आणि मुलाचा हात फरशीवरून थेट डोळ्याकडे जातो. मूल मोठं होऊ द्या, झाड काही पळून जात नाही. 'काटेरी झाड घरात ठेवलं की भांडणं होतात' असं सासूबाई म्हणाल्या, तर हसून सोडून देऊ नका. भांडणाला झाड लागत नाही हे खरं, पण त्यामागची सावधगिरी सोळा आणे खरी आहे.

काटे रुतलेच तर हात चोळू नका, तोंडात बोट धरू नका. उजेडात बसून दिसतील तेवढे काटे चिमट्यानं उपटा. उरलेल्यांसाठी त्या जागी पांढऱ्या फेविकॉलचा पातळ थर द्या, वर जाळीदार पट्टीचा तुकडा दाबा आणि पूर्ण वाळल्यावर अलगद सोलून काढा. बरेचसे काटे त्याबरोबर निघून येतात. डोळ्यात गेल्याची नुसती शंका आली, तरी घरगुती उपाय न करता डॉक्टर गाठायचा.

आता झाडाच्या स्वभावाकडे वळू. शाळेत मुलींना मी नेहमी विचारते, "निवडुंगाचं पान कुठलं?" सगळ्याजणी गादीकडे बोट दाखवतात. पण ती गादी म्हणजे खोड. पाणी साठवायचं आणि अन्न तयार करायचं, दोन्ही कामं तेच करतं. त्याची श्वासाची छिद्रं दिवसा मिटलेली असतात, रात्री गारव्यात उघडतात. त्यामुळे पाणी फारसं उडून जात नाही. म्हणजे हे झाड मुळातच काटकसरी! आपण मात्र तुळशीबरोबर यालाही रोज तांब्याभर पाणी घालतो आणि प्रेमानंच मारतो.

पाण्याचा हिशेब असा. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा, थंडीत तीन आठवड्यांतून एकदा. वार लक्षात ठेवण्यापेक्षा खराट्याची एक हीर मातीत खोल खोचून बघा. ओली निघाली, माती चिकटली, तर पाणी नको. कोरडी निघाली तर कुंडीच्या बुडातून निथळेपर्यंत एकदा भरपूर द्या, आणि खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाका.

आपल्याकडे हा निवडुंग उन्हानं सहसा मरत नाही, मरतो तो पावसाळ्यात. मृगाच्या सरी सुरू व्हायच्या आत कुंडी पागोळ्या आणि वाऱ्याचे सपकारे लागणार नाहीत अशा उजेडाच्या जागी हलवा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर पाणी जवळजवळ बंदच ठेवा. सोलापूर-नगरकडे उघडीप लांबली तरच थोडं द्या. बुंधा तपकिरी, मऊ, पाणचट लागला की तो कुजतोय असं समजा. अशा वेळी वरची निरोगी गादी कापून घ्या आणि बाकीचं टाकून द्या. पावसाळ्यानंतर झाड एकदम कडक उन्हात ठेवू नका. आठ-दहा दिवसांत हळूहळू सरकवा. एरवी मात्र रोज चार-पाच तास ऊन हवंच. उजेड कमी पडला की नव्या गाद्या लांबट, पिळपिळीत येतात.

कुंडी मातीचीच घ्या, फार मोठी नको. भोकावर खापराचा तुकडा ठेवा. बागेची माती, जाड वाळू आणि जुनं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत समभाग, वर मूठभर विटांचा चुरा. ताजं शेणखत अजिबात नको. काही दुकानांत निवडुंगाच्या डोक्यावर रंगीत वाळकी फुलं डिंकानं चिकटवलेली असतात. ती झाडाची नव्हेत. याची खरी फुलं पिवळी असतात, आणि कुंडीत ती क्वचितच येतात.

एका झाडाची चार करणं सोपं आहे. वर्तमानपत्राची जाड घडी करून गादी धरा, सांध्यावर धारदार सुरीनं कापा आणि सावलीत आठ-दहा दिवस तशीच पडू द्या. जखमेवर कोरडी खपली धरली की बोटाच्या एका पेराइतकी वाळूमिश्रित मातीत उभी खोचा. पहिला आठवडा पाणी नाही. पुढच्या तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. ती घडी लगेच केरात टाका आणि वापरलेला चिमटा पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

गाद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवा आणि सावलीत एकेक टिपून घ्या. चिरडल्यावर लालभडक रंग निघाला, तर तो कोचिनील किडा, उपाय तोच. या किड्याला कमी लेखू नका बरं का! किरमिजी रंगाच्या लोभानं ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात १७९५ साली ब्राझीलहून तो आणवला. आला भलत्याच जातीचा. रंग धड मिळेना, पण फड्या निवडुंगाची एक जात त्यानं बघता बघता फस्त केली. पुढे १९२६ साली त्याच कुळीचा दुसरा किडा सिलोनहून मुद्दाम आणून दक्षिण भारतात माजलेला निवडुंग आटोक्यात आणला गेला. रानंच्या रानं खाणाऱ्याला आपली वीतभर कुंडी किती दिवस पुरणार?

आणखी एक. त्रिधारी निवडुंग आणि शेर यांना मोडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्याला अतिशय घातक असतो. सशाच्या कानांना असा चीक नसतो. रोप घेताना 'निवडुंग' एवढंच न म्हणता कुठला ते विचारून घ्या.

सुट्टीत माहेरी महिनाभर जायचं असेल, तर या कुंडीसाठी शेजारच्या वहिनींकडे किल्ली ठेवायची गरज नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी द्या, आणि परत आल्यावर आधी हीर खोचून बघा.