अश्वगंधेची मुळी आणि नियंत्रणाची जबाबदारी

अश्वगंधेच्या मुळीशी मध्य प्रदेशाचे नाते जुने आहे. मंदसौर व नीमच जिल्ह्यांतील शेतकरी ती पिकवतो, नीमचच्या मंडीत तिचे सौदे होतात आणि जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने 'जवाहर आसगंध-20' व 'जवाहर आसगंध-134' हे तिचे वाण विकसित केले आहेत. आज हीच मुळी अर्काच्या गोळ्या बनून थकवा, निद्रानाश व चिंता यांवरील रामबाण उपाय म्हणून जगभर विकली जात आहे. दुप्पट पाळ्या करून थकलेल्या कामगाराला विश्रांतीऐवजी गोळी विकणाऱ्या या व्यापाराची तपासणी करणे अगत्याचे आहे.

'वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक' हा समज जाहिरातींनी रुजविला आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अश्वगंधेने गुंगी, जुलाब व उलट्या होऊ शकतात. थायरॉइडचा अंतःस्राव वाढू शकतो. झोपेच्या, मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम तीव्र होऊ शकतो. गर्भवती स्त्रियांनी ती टाळावी. क्वचित, परंतु गंभीर धोका यकृताला आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात केवळ अश्वगंधा घेतलेल्या 8 रुग्णांची छाननी झाली. त्यांपैकी यकृताचा जुना विकार असलेले 3 रुग्ण दगावले. अन्य बहुतेक रुग्णांत गोळी थांबविल्यावर कावीळ हळूहळू ओसरते, असा अनुभव आहे.

त्याच वर्षी डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. मुळी आणि पान यांत त्या निर्णयाने भेद केला नाही, हा भारतीय तज्ज्ञांचा आक्षेप रास्त आहे. परंतु मग भेद येथे तरी पाळला जातो काय? पानांत विदाफेरिन-ए हे द्रव्य मुळीपेक्षा अधिक असते. म्हणूनच 2021 साली आयुष मंत्रालयाने उत्पादकांना पाने न वापरण्याची सूचना दिली. पाने स्वस्त, मुळी महाग! नफ्याचा ओढा कोणीकडे असणार हे उघड आहे. केवळ सूचनेने तो रोखला जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळा व निरीक्षक लागतात.

ग्रंथोक्त औषधाला परवाना देताना सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. दुधातून घेतलेले चिमूटभर चूर्ण आणि कारखान्यातील संहत अर्क यांना मात्र एकच परंपरा लागू करणे हा शास्त्राशी द्रोह आहे. जाहिरातींना लगाम घालणारा 2018 चा नियम 170 देखील सरकारने जुलै 2024 मध्ये वगळू पाहिला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला त्यास स्थगिती द्यावी लागली.

आयुर्वेदाचा तिरस्कार हे याचे उत्तर नव्हे. प्रत्येक बाटलीवर मुळी की पान, अर्काचे प्रमाण आणि यकृत, थायरॉइड व गर्भावस्थेविषयीचा इशारा ठळकपणे, लोकांच्या भाषेत छापला गेला पाहिजे. शासकीय रुग्णालयांत काविळीच्या प्रत्येक रुग्णाला 'कोणते चूर्ण, कोणती गोळी घेता?' असे विचारून दुष्परिणामाची नोंद झाली पाहिजे. वस्त्यांत काम करणाऱ्या साथींनीही हा प्रश्न घरोघर विचारावा. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे, एवढी माहिती वेळीच पोचली तरी प्राण वाचू शकतात.

भेसळीने व खोट्या दाव्यांनी या मुळीची पत गेली, तर पहिला फटका मंदसौर-नीमचच्या शेतकऱ्यालाच बसेल. म्हणून कडक नियंत्रण ही रुग्णाइतकीच पिकविणाऱ्याचीही मागणी असली पाहिजे.