विश्लेषण : पाण्यावर चालणारी गाडी नेमकी कुठे अडते?

पेट्रोलचे दर वाढले की व्हॉट्सॲपवर एक चित्रफीत हमखास फिरू लागते. बॉनेट उघडलेली मोटार, बुडबुडे सुटणारी बरणी आणि खाली ओळ, ‘तेल कंपन्यांनी दडपलेले संशोधन’. सोबत अनेकदा स्टॅन्ले मेयर यांचे नाव असते.

न्यायालयात काय घडले?

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील मेयर यांचा दावा होता की, त्यांची बग्गी पाण्यावर धावते. त्यांच्याकडे पेटंटही होती. (पेटंट म्हणजे यंत्र चालते याचा दाखला नव्हे, हे इथे लक्षात घ्यावे.) विक्रीचे हक्क विकत घेतलेल्या दोन गुंतवणूकदारांनी अखेर न्यायालयात धाव घेतली. तज्ज्ञांनी उपकरण तपासले, तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत अपघटनापलीकडे काही आढळले नाही. १९९६ मध्ये न्यायालयाने ही ढळढळीत फसवणूक ठरवून दोघांचे २५ हजार डॉलर परत करण्याचा आदेश दिला. दोन वर्षांनी मेयर यांचा अचानक मृत्यू झाला. विषप्रयोगाची चर्चा आजही रंगते. शवचिकित्सेत कारण निघाले ते मेंदूतील रक्तवाहिनी फुटल्याचे. न्यायालयाचा निकाल मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

आपल्याकडेही तमिळनाडूतील रामर पिल्लै यांच्या ‘वनौषधी पेट्रोल’ने १९९६ मध्ये देशभर खळबळ उडवली होती. त्यांना शिक्षा झाली ती २०१६ मध्ये.

पाणी जळत का नाही?

कारण ते आधीच जळालेले असते. हायड्रोजन जळला की पाणी बनते. पाणी ही हायड्रोजनची राख. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला आजच्या यंत्रांना साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो जाळल्यावर सुमारे ३३ युनिट ऊर्जा हाती येते आणि त्यातलाही मोठा भाग इंजिन उष्णतेत घालवते. मायलेज वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ‘एचएचओ किट’ची गोम इथेच आहे. किटला वीज मिळते बॅटरीतून, बॅटरी भरतो अल्टरनेटर आणि अल्टरनेटर फिरवते इंजिन, म्हणजे टाकीतले तेच पेट्रोल.

मग गडकरी यांची गाडी?

मार्च २०२२ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी टोयोटा मिराईतून संसदेत गेले. ती पाण्यावर चालते, असा समज तेव्हापासून पसरला. प्रत्यक्षात तिच्या टाकीत प्रचंड दाबाखाली हायड्रोजन भरावा लागतो; पाणी बाहेर पडते ते शेवटी. तो हायड्रोजन दुसरीकडे, वीज किंवा नैसर्गिक वायू खर्च करूनच तयार होतो.

किट बसवणाऱ्या रिक्षावाल्याचे नुकसान फक्त पैशांचे नाही. बॉनेटखाली साठणारा हायड्रोजन आणि ऑक्सिजन ठिणगीने भडकू शकतो. शिवाय मंजुरीविना केलेला असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कचाट्यात सापडू शकतो. किट विकणारा तोवर पुढच्या गावी गेलेला असतो.