पोर कडेवर, बिऱ्हाड पाठीवर



नोव्हेंबर उजाडला की वस्त्यावस्त्यांतून एकच विचारणा सुरू होते, यंदा चैत्यभूमीला कोण कोण निघणार? मराठवाडा, विदर्भ, खानदेशातली कितीतरी कुटुंबे ६ डिसेंबरच्या दोन दिवस आधीच दादरला उतरतात आणि शिवाजी पार्कच्या मैदानावर मुक्काम करतात. अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावलाही लेकराबाळांसह उघड्यावर बसणे, टेकणे, झोपणे आलेच. निघताना भाकरी-चटणी बांधली जाते, चादरी घेतल्या जातात, पुस्तकांसाठी पैसे बाजूला काढले जातात. पण घरात दीड-दोन वर्षांचे मूल असेल तर ते मूल आणि त्याची आई या दोन-तीन दिवसांत बसणार कशावर, याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

प्रश्न किरकोळ वाटेल. पण मैदानात एक फेरी मारून पाहावी. पुरुष मंडळी पुस्तकांच्या स्टॉलवर आणि सभेत असतात. आई मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत मूल मांडीवर घेऊन बसलेली असते, पाठीला टेकू नाही. मूल खाली सोडावे तर माती तोंडात घालते, उचलून धरावे तर हात भरून येतात. दुसऱ्या दिवशी मुलाला खोकला आणि आईची पाठ धरलेली. मग पुढच्या वर्षी घरातलेच कोणी म्हणते, "तू लेकराला घेऊन घरीच राहा." बसायला नीट जागा नाही म्हणून आपल्या माता-भगिनींनी घरी राहायचे, हे आपल्याला पटते काय?

बसायच्या जागेची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. साताऱ्याला शाळेत असताना बाबासाहेबांना बसायला वेगळे गोणपाट होते. शाळेचा गडी त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांना आपली बैठक घेऊन फिरावे लागले ते अपमान म्हणून. आज आपण नेणार आहोत ती आपल्या खुशीने, लेकरांच्या सोयीसाठी. तेव्हा ती चार गोष्टी पाहून, नीट निवडून घ्यावी.

सुरुवात वजनाच्या हिशेबाने करू. दोन वर्षांच्या मुलाचे वजन साधारण १० ते १२ किलो. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या २ किलो. कपडे आणि शिदोरीची पिशवी ५ किलो धरा. म्हणजे १८ किलोंच्या आसपास ओझे घराचा उंबरा ओलांडतानाच झाले. लोखंडी पाइपाची, कापडी बैठकीची घडीची खुर्ची अडीच-तीन किलोंची असते. अशा दोन घेतल्या की बेरीज २४ किलोंवर गेली, आणि ती घेऊन जनरलच्या डब्यात चढायचे आहे, पूल ओलांडायचा आहे, गर्दीतून चालायचे आहे. म्हणून बसण्याचे सगळे सामान मिळून चार किलोंच्या आत बसवावे. दुकानात छान दिसणारी निम्मी सामग्री या एका अटीने आपोआप गळून पडते.

आता मुलाचे पाहू. नुकते चालायला लागलेले मूल खुर्चीत पाच-दहा मिनिटे बसले तरी खूप. त्याचा बाकी दिवस जमिनीवर जातो. म्हणून पहिला पैसा खुर्चीवर न घालता अंथरुणावर घालावा. नुसती सतरंजी पुरत नाही. रात्री दव पडते, सुती कापड खालची ओल ओढून घेते आणि पहाटे मूल गारठते. तीन थर करावेत. सर्वांत खाली हलकी ताडपत्री, तिच्यावर प्लॅस्टिकची विणलेली घडीची चटई आणि वर आपली वाकळ किंवा सतरंजी. ताडपत्री ओल अडवते, चटई झटकली की धूळ-माती निघते आणि ओल्या फडक्याने पुसता येते, वाकळ ऊब देते. चौघांना ६ बाय ९ फुटांची ताडपत्री पुरते. तिच्या कडा आत दुमडून घ्याव्यात, म्हणजे मूल अडखळत नाही आणि पाऊस आला तर कडेचे पाणी अंथरुणाखाली शिरत नाही. डिसेंबरात पाऊस कसला, असे म्हणू नये. २०१७ साली ओखी वादळाचा पाऊस नेमका ५ डिसेंबरला मुंबईत झाला, मैदानात चिखल झाला आणि लोकांना महापालिकेच्या शाळांमध्ये हलवावे लागले होते.

फोमचे रंगीत तुकडे जोडून केलेली चटई लहान मुलांसाठी म्हणून विकतात. घरात ती ठीक आहे. बाहेर नेली तर तुकडे सुटे होतात, मूल कोपरा चावून तोडते आणि तो घशात अडकण्याची भीती असते. फोमच हवा असेल तर एकसंध गुंडाळीचा घ्यावा. हवा भरायची गादी तर नेऊच नये. काटा लागला की ती बसते, आणि तान्ह्या बाळाला तिच्यावर झोपवणे धोक्याचे आहे. बाळाचे तोंड मऊ खळग्यात रुतले तर श्वास कोंडू शकतो.

अंथरुणानंतरची वस्तू मुलाच्या आईसाठी घ्यावी. पाय नसलेली, जमिनीवर ठेवायची, पाठ टेकायची घडीची बैठक मिळते. विपश्यनेला बसणारे वयस्कर लोक वापरतात तीच. ती वजनाला हलकी असते, कडेच्या पट्ट्यांमुळे पाठ धरून ठेवते आणि पाय नसल्यामुळे मूल अंगावर चढले तरी पायाखालून घसरत नाही. बाळाला पाजताना पाठीला आधार मिळाला म्हणजे काय, ते ज्या बाईने तीन दिवस मैदानात काढले आहेत तिलाच विचारावे. आजी-आजोबांना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर त्यांच्यासाठी चार पायांचे घडीचे स्टूल न्यावे. तीन पायांचे स्टूल स्वस्त आणि हलके असते, पण मुलाने एका बाजूला लोंबकळले की ते आजीसकट कलंडते.

मुलासाठी खुर्ची न्यायचीच असेल तर एकाच साच्यातली, प्लॅस्टिकची छोटी खुर्ची सर्वांत बरी. तिची घडी होत नाही, हाच तिचा गुण. बिजागरी नाही, म्हणून बोट चेमटत नाही. वजन किलोभराचे, पिशवीला बाहेरून बांधता येते. मूल बसल्यावर त्याचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे बैठकीची उंची सुमारे एक वीत हवी. मोठ्यांच्या घडीच्या खुर्चीत मुलाला एकटे बसवू नये. ते तिच्यात उभे राहते, मागे रेलते आणि खुर्ची उलटते. स्थिर बसावे म्हणून ओढणीने किंवा दोरीने खुर्चीला बांधणे तर फारच वाईट. मूल खाली सरकले की तेच कापड गळ्याशी येते.

घडीची कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला न लाजता तपासून घ्यावी. पाच वेळा उघडून मिटून पाहावी. उघडल्यावर खटका पक्का बसतो का, सांध्यात मुलाचे बोट जाईल एवढी फट आहे का, पाइपाच्या टोकांना रबरी टोप्या आहेत का, कडेवरून हात फिरवल्यावर धार लागते का, हे पाहावे. पाय अरुंद असतील तर मऊ मातीत रुततात. किती वजनापर्यंत चालते, ते लेबलावर वाचावे. उन्हात ठेवलेल्या लोखंडी पाइपाला आधी आपल्या हाताची मागची बाजू लावून पाहावी, मगच मुलाला जवळ जाऊ द्यावे.

काही घरांत रंगाची २० लिटरची झाकणाची बादली असते. तिच्यात सामान जाते आणि वर मोठा माणूस घटकाभर बसू शकतो. सोय चांगली, फक्त एक पथ्य पाळावे. पाणी भरून ती उघडी ठेवू नये. लहान मूल डोक्याकडून बादलीत पडले तर त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही.

जागा धरताना जाण्यायेण्याची वाट, जनरेटर, जमिनीवरच्या वायरी, चहाचा स्टोव्ह आणि नळाजवळचा चिखल टाळावा. वाटेला लागून बसले की लाल मातीची धूळ दिवसभर मुलाच्या नाकातोंडात जाते. डासांची अगरबत्ती प्लॅस्टिकच्या चटईवर कधीही लावू नये. झोपण्यापूर्वी अंथरूण उचलून झटकावे. चटई भडक रंगाची असावी, म्हणजे परतणाऱ्याला लांबून ओळखू येते. ती आठवडाभर आधीच घरात किंवा चाळीच्या गॅलरीत अंथरून मुलाला तिच्यावर जेवू-खेळू द्यावे. मग मैदानातल्या अनोळखी गर्दीत ती त्याला आपली जागा वाटते आणि रडणे कमी होते. मुलाच्या खिशात नाव आणि मोबाइल नंबरची चिठ्ठी मात्र न विसरता ठेवावी.

शेवटी पैशाचे. प्रत्येक घराने सगळे विकत घेण्याची गरज नाही. हे सामान वर्षातून दोन-तीन वेळा लागते, एरवी माळ्यावर पडून राहते. वस्तीतल्या विहारात किंवा महिला मंडळात वर्गणी काढून पाठ टेकायच्या पाच बैठका, चार स्टुले आणि पाच ताडपत्र्या घ्याव्यात. एक वही घालावी. कोणी नेले, कोणत्या तारखेला, परत कधी आणि कोणत्या अवस्थेत आले, एवढ्या चार रकान्यांत काम भागते. देताना ज्या घरी अंगावर पिणारे मूल आहे त्याचा नंबर पहिला, म्हाताऱ्यांचा दुसरा, बाकीच्यांचा नंतर. मैदानातही हाच क्रम पाळावा. बाईसाठी आणलेल्या बैठकीवर घरातले बापे बसून राहिले तर केलेली खरेदी फुकट गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी विहारात हा विषय काढा. वही कोण सांभाळणार, ते त्याच बैठकीत ठरवा. यंदा आपल्या वस्तीतून निघणाऱ्या गाडीत लहान मुलांच्या आया किती आहेत, ते मोजा, आणि पुढच्या वर्षी तो आकडा वाढलेला दिसू द्या.

जयभीम!