वक्त्यांनो, समोर कोण बसले आहे?

जिल्हा मेळाव्यात आमचे वक्ते जागतिकीकरणापासून सुरू होतात आणि शिवरायांच्या जयघोषावर थांबतात. टाळ्या पडतात, पण समोरचा कोरडवाहू शेतकरी मनात वेचणीची मजुरी मोजत असतो. शेतकरी गरीब आहे, हे त्यालाच काय सांगता? कापसाचा ओलावा 8 टक्क्यांवर गेला की सीसीआय भाव कापते, 12 च्या वर माल घेतच नाही. ओलावा मोजणारे यंत्र कोणाच्या हातात असते, यावर बोला. ज्वारी हमीभावाखाली का विकावी लागते, यावर बोला. 1980 साली चाकणला शरद जोशींनी कांद्याच्या भावाचा प्रश्न धरला आणि माणसे रस्त्यावर बसली. यंदा आम्ही म्हणतो, माईक आधी कापूस वेचणाऱ्या बायांना द्या. पुढाऱ्यांनी मग बोलावे, वेळ उरला तर.